माणसे मोजणारी विदुषी : कै. डॉ. इरावतीबाई कर्वे

मुलींना नद्यांची नावे ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा ह्या नावांच्या बायका धामणगावात नि दत्तापुरात कोणत्याही आळीत भेटतील. परंतु ब्रह्मदेशातील नदीचे नाव मिळालेली मराठी मुलगी विरळाच म्हणावयाची. १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान गावी श्री. गणेश हरी करमरकर ह्यांच्या घरी जी कन्या जन्मास आली, तिचे नाव तेथल्या इरावती नदीवरून ठेवण्यात आले. आईचे नाव भागीरथी, म्हणजे आईही नदीच्या नावाची नि लेकही. वडील तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. कापसाच्या गाड्या मोजत लहानाच्या मोठ्या झालेल्या आम्हां धामणगावच्या बायकांना एवढा धागाही जवळचा वाटतो. हीच कन्या पुढे डॉ. इरावतीबाई कर्वे म्हणून देशात आणि परदेशात विख्यात झाली.

चरित्रासाठी ह्याच बाई का निवडल्या, असे कोणी भगिनी विचारील. त्याचे कारण आपल्या गावातच आहे. रेल्वे आली, कापसाचा बाजार वाढला, आणि त्यामागोमाग मारवाडी आले, गुजराती आले. भोवतालच्या खेड्यांतून कुणबी, माळी, तेली, कोष्टी, बौद्ध, मुसलमान अशी सर्व घरे आहेत. यवतमाळकडे जाणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच स्टेशनावर उतरली. त्या वाटेने पुढे गेले की गोंड नि कोलाम लागतात, आणि उत्तरेस मेळघाटात कोरकू. इतके लोक जवळजवळ राहिले म्हणजे एकमेकांविषयी बोलणे आलेच. धंदा त्यांच्या रक्तातच आहे, त्या जातीचा स्वभावच तसा, अमक्या घराण्याचे वळणच निराळे, ही वाक्ये हळदीकुंकवाच्या बैठकीत आपण सहज बोलून जातो. मुलगी पाहावयास गेलो म्हणजे तर अधिकच. पण रक्तातून येते ते काय, समूहाने ठरविलेले ते काय, आणि घरात पाहून-शिकून अंगवळणी पडते ते काय, हे वेगळे करून पाहण्याची तसदी आपण घेत नाही. इरावतीबाईंनी आपले सारे आयुष्य हीच तसदी घेण्यात घालविले.

सातव्या वर्षी त्यांना पुण्यास हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. तेथे रँग्लर परांजप्यांची कन्या शकुंतला हिच्याशी मैत्री जमली, आणि परांजपे कुटुंबाने इरूला आपल्याच घरी ठेवून घेतले. तेथे पुस्तके होती, वादविवाद होते, आणि मुलगी म्हणून कोणी गप्प बसवीत नव्हते. १९२६ साली फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. नंतर मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये ह्यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून १९२८ साली त्यांनी एम. ए. केले. प्रबंधाचा विषय त्यांनी स्वतःची चित्पावन जातच घेतला होता. ह्याच सुमारास त्यांचा विवाह महर्षी अण्णासाहेब कर्वे ह्यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव ह्यांच्याशी झाला. 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे हे त्यांचे दीर.

सुधारकांच्या घरी पडलेल्या सुनेची वाट मोकळीच असणार, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. सुनबाई जर्मनीस जाऊन डॉक्टरेट करणार म्हटल्यावर खुद्द महर्षींनी विरोध दर्शविला! ज्या पुरुषाने हिंगण्यास विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ उभे केले, त्याच्या घरातली ही गोष्ट. पुढे १९५८ साली भारतरत्न झालेल्या त्या थोर माणसाचा मोठेपणा ह्याने उणा होत नाही. परंतु परक्यांच्या मुलीस शिकविणे निराळे आणि आपल्या सुनेस बोटीवर चढविणे निराळे, हे आपल्याही घराघरांतून पाहावयास मिळते. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. ते पत्नीच्या बाजूने उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता ह्यांनी कर्जाऊ पैसे दिले. १९२८ च्या नोव्हेंबरात इरावतीबाई निघाल्या. तेव्हा त्यांस तेविसावे वर्ष सरत होते.

बर्लिनमध्ये त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या, तिचे काम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गेल्या शतकाच्या आरंभी युरोपातील पंडितांची अशी ठाम समजूत होती की मानवजात निरनिराळ्या वंशांत विभागलेली आहे, वंश शरीरावरून ओळखता येतो, आणि बुद्धी, शील, कर्तबगारी ही देखील वंशाबरोबरच येते. आपल्या देशातही हे खूळ सरकारी शिक्क्याने आले होते. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले साहेब ह्यांनी माणसांची नाके मोजविली आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची असा सिद्धान्त मांडला. नाकावरून जात ठरविण्याची कल्पना आज हास्यास्पद वाटते. त्या काळी तिच्यावर जाडजूड ग्रंथ निघत होते. (डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात असल्याच मोजमापांचे आकडे घेऊन, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे निराळ्या वंशांचे नाहीत असे उलट दाखवून दिले, हेही येथे सांगितले पाहिजे.)

बर्लिनच्या संस्थेचे संचालक होते ऑयगेन फिशर. जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतीत गोऱ्या पुरुषांपासून तेथल्या स्त्रियांस झालेल्या संततीचा अभ्यास करून त्यांनी नाव मिळविले होते. गोऱ्या युरोपियनांची बुद्धी श्रेष्ठ, त्यांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा, म्हणून त्यांची कवटी दोन्ही बाजूंस सारखी नसते, इतरांची मात्र सारखी असते, असे त्यांचे अनुमान होते. हे पडताळून पाहण्याचे काम त्यांनी ह्या भारतीय विद्यार्थिनीकडे सोपविले.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या. त्यांत युरोपियनांच्या होत्या, तशाच जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतीतून आणलेल्याही होत्या. त्या माणसांची मुंडकी इतक्या दूर बर्लिनच्या फळ्यांवर कशी येऊन पोचली, हा विचार वाचणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहात नाही. प्रत्येक कवटीची उजवी नि डावी बाजू मोजावयाची, आकडे लिहावयाचे, पुन्हा पडताळावयाचे, असे काम दिवसचे दिवस चालले. शेवटी जे निघाले ते असे : मनुष्याची कवटी बहुधा थोडीफार वाकडी असतेच, परंतु त्या वाकडेपणाचा वंशाशी काडीमात्र संबंध दिसत नाही. गोऱ्याची कवटीही तशीच नि काळ्याचीही तशीच.

आता त्या मुलीची अवस्था ध्यानात घ्या. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, घरी सासऱ्यांचा विरोध, आणि समोर परीक्षक म्हणून तेच गुरू, ज्यांचे म्हणणे तिच्या आकड्यांनी खोटे ठरविले होते. चार आकडे इकडचे तिकडे केले असते तर कोणास कळणार होते? तिने ते केले नाही. जे मोजले तेच लिहिले. फिशर साहेबांनी प्रबंध नाकारला नाही, पण त्यास उत्तीर्णांतील सर्वांत खालची श्रेणी दिली. पदवी मात्र मिळाली, आणि बाई स्वदेशी परतल्या.

त्या संस्थेचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, नाहीतर ह्या खालच्या श्रेणीची किंमत कळणार नाही. १९३३ साली हिटलरची सत्ता आली आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. १९३७ साली, ज्यांचे वडील आफ्रिकी सैनिक नि आया जर्मन होत्या अशी ऱ्हाइन प्रांतातील शेकडो मुले पकडून त्यांची सक्तीने नसबंदी करण्यात आली. त्या मुलांची तपासणी करण्यात ह्या संस्थेचे पंडित होते. पुढे लक्षावधी ज्यू बायका-पुरुषांची, पोराबाळांची कत्तल झाली, तीही वंशशुद्धीच्याच नावाने. कवटीच्या वाकडेपणाचा वाद हा केवळ विद्वानांचा खेळ नव्हता.

परत आल्यावर १९३१ पासून काही वर्षे त्यांनी सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम पाहिले. ज्या घराण्याने जाऊ नको म्हटले त्याच घराण्याच्या संस्थेस ती विद्या उपयोगी पडली. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या अध्यापक म्हणून रुजू झाल्या आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिल्या. १९४७ साली दिल्लीस भरलेल्या सायन्स काँग्रेसच्या मानवशास्त्र शाखेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. डॉ. सांकळिया ह्यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज येथे प्राचीन मानवाच्या सांगाड्यांचे संशोधन केले. संसारही झाला, जाई, आनंद आणि गौरी ही तीन मुले वाढविली. कुंकू-मंगळसूत्र त्या वापरीत नसत, नवऱ्यास नावाने हाक मारीत, आणि पुण्यात स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. ह्या गोष्टी पुण्यासारख्या शहरातही तेव्हा चर्चेच्या झाल्या होत्या. आपल्या धामणगावी काय झाले असते ते न बोललेले बरे!

बर्लिनमध्ये वंशाच्या गर्वाचे खंडन करून आलेल्या बाईंनी मोजपट्टी खाली ठेविली असेल असे वाटते. पण तसे नाही. पुढे कित्येक वर्षे त्या महाराष्ट्रभर हिंडून निरनिराळ्या जातींच्या माणसांची डोकी, नाके, उंची मोजीत राहिल्या. १९४८ साली मराठ्यांच्या आणि १९५१ साली एकंदर महाराष्ट्राच्या अशा मोजमापांचे ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केले. जाती कोठून आल्या हे शरीराच्या मापांवरून थोडेफार कळेल, ही आशा त्यांनी सोडली नव्हती. ही आशा फारशी फळली नाही, आणि ज्या उपकरणाने रिस्लेंनी माणसे वरखाली लावली तेच हाती धरावे का, असा प्रश्न आजचे अभ्यासक विचारतात तो रास्त आहे. पण एक फरक मानला पाहिजे. कोणती जात श्रेष्ठ हे ठरविण्यासाठी त्यांनी कधी मोजले नाही. त्यांना हवे होते ते एवढेच, की कोण कोणाशी किती मिळताजुळता आहे. आणि त्या मोजण्याच्या निमित्ताने त्या माणसांच्या अंगणात जाऊन बसल्या, हा खरा लाभ झाला. आकड्यांच्या वहीपेक्षा अंगणातल्या गप्पांनी त्यांस अधिक शिकविले असे मला वाटते.

उदाहरण कुंभारांचेच घेऊ. कुंभार ही आपण एक जात समजतो. इरावतीबाईंनी पाहिले तो त्यांत अनेक पोटभेद. कोणी थोरल्या चाकावर घडवितात ते थोरचाके, कोणी लहान चाकावर ते लहानचाके, कोणी हातानेच थापून घडवितात. ह्यांचे आपसांत बेटीव्यवहार नाहीत, रीतिरिवाज एक नाहीत, हत्यारेही एक नाहीत. डॉ. घुर्ये आदि पंडितांचे म्हणणे होते की मूळ एक मोठी जात होती नि तिचे तुकडे पडत गेले. बाई आपल्या गुरूंशीही येथे सहमत झाल्या नाहीत. त्यांचे मत असे की हे समूह मुळातच निराळे, निरनिराळ्या दिशांनी येऊन एकच धंदा करू लागले, म्हणून लोकांनी त्यांस एक नाव दिले. तुकडे पडून जाती झाल्या नाहीत. तुकडे शेजारी शेजारी मांडले गेले, आपल्या ठिगळाच्या वाकळीसारखे. डॉ. कैलास मल्होत्रा ह्यांच्या सहकार्याने १९६८ साली त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ पोटजातींचा शारीरिक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही एकाच पायरीवर बसणारे हे आठ समूह एका कुळापासून फुटलेले दिसेनात.

मग जात म्हणजे काय? बाईंच्या लेखी ती एक पसरलेली सोयरीक आहे. ज्यांच्यात मुली दिल्या-घेतल्या जातात त्यांचे जाळे म्हणजे जात. म्हणजे ती रंगाने वा नाकाने ठरत नाही, लग्नाने ठरते. आणि लग्ने माणसेच जुळवितात. २०१३ साली रक्तातील वारशाच्या चाचण्यांवरून शास्त्रज्ञांनी जे दाखविले ते येथे जोडून पाहण्यासारखे आहे. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील निरनिराळे लोक आपसांत भरपूर मिसळले, वरच्या म्हणविणाऱ्यांपासून वनवासींपर्यंत जवळजवळ सर्व. आणि त्यानंतर हळूहळू दारे बंद होऊन ज्याचा त्याचा बेटीव्यवहार आपल्यापुरता झाला. म्हणजे शुद्ध रक्ताचा अभिमान धरावा असे रक्त कोणापाशीच उरलेले नाही. उरली आहे ती केवळ आम्ही अमके ही जाणीव. मराठीत वंश हा एकच शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो आणि तेथेच घोटाळा होतो.

सोयरिकीच्या ह्या जाळ्यावर बाईंनी १९५३ साली जो इंग्रजी ग्रंथ लिहिला तो जगभर वाचला गेला. स्त्रियांनी तर तो आपला म्हणावा असा आहे, कारण माहेर, सासर, नणंद, भावजय ह्यांनाच त्यात शास्त्राचे स्थान मिळाले. उत्तरेकडे मुलगी दूरच्या, अनोळखी गावी देतात. जवळच्या नात्यात लग्न म्हणजे पाप. दक्षिणेकडे मामाशी देखील लग्न होते आणि मुलगी ओळखीच्याच घरी जाते. आपला महाराष्ट्र ह्या दोहोंच्या सीमेवर. आपल्याकडे कित्येक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, म्हणजे मुलीची आत्याच सासू होते. परंतु आत्याची मुलगी सून करून आणणे बहुतेकांत वर्ज्य. ही चाल कोणाच्या रक्तात असते काय? तीच माणसे चार पिढ्या दुसऱ्या मुलखात राहिली की तिकडची चाल धरतात. मारवाडातून आलेल्या आपल्या शेजारणी आज वऱ्हाडी बोलीत भांडतात, आणि ठेचा-भाकरीही करतात. पण सोयरीक जुळविताना अजून मारवाडाकडचेच नियम पाहतात. कोणती गोष्ट लवकर बदलते नि कोणती उशिरा, हे पाहावयास धामणगावासारखे ठिकाण नाही.

भाषेचेही तसेच. बाईंनी भाषेचे प्रदेश आणि नात्याचे प्रदेश शेजारी मांडून पाहिले. आपल्या भागापुरते पाहिले तरी नवल वाटते. मराठी ही संस्कृत-प्राकृताच्या कुळातील; गोंडी नि कोलामी ह्या तेलुगू-तमिळच्या द्राविड कुळातील; मेळघाटची कोरकू मुंडा कुळातील, जिच्या बहिणी पार झारखंडात आहेत; आणि बुलढाण्याच्या सातपुड्याकडील निहाली तर कोणत्याच कुळात बसत नाही. एवढ्याशा मुलखात चार तऱ्हा! पण कोरकू मूल शाळेत मराठी उत्तम बोलते, आणि आपले मूल कोरकू घरात वाढले तर कोरकूच बोलेल. भाषा ओठावर येते ती आईच्या तोंडून, हाडांतून नव्हे.

इंग्रजीत एवढे लिहिणाऱ्या बाईंनी मराठी वाचकांसाठीही विपुल लिहिले. 'परिपूर्ती' हा त्यांचा ललितलेखांचा संग्रह १९४९ सालचा. त्यातील त्याच नावाचा लेख मंडळाच्या प्रत्येक भगिनीने वाचावा. एका सभेत त्यांची ओळख करून देताना परांजप्यांची मानसकन्या, महर्षींची सून, प्राध्यापकांची पत्नी अशी सारी नाती सांगितली गेली, तरी त्यांना काहीतरी राहून गेले असे वाटत होते. पुढे रस्त्यात काही पोरांनी, ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई, म्हणून बोट दाखविले आणि त्यांचे मन भरले. माणसाची ओळख नात्यांनी होते हे त्यांनी ग्रंथात सिद्ध केले, ते त्यांनी असे स्वतःवरही अनुभविले. एवढ्या मोठ्या विदुषीला आईपणातच समाधान का वाटावे, असे आजच्या मुली विचारतात. विचारू द्यावे.

आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या पालखीबरोबर त्या पायी चालल्या, त्याचे वर्णनही त्यांनी लिहिले आहे. आपल्या शेजारच्या कौंडिण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपुरास जाते, ती आपणांपैकी कित्येकींनी पाहिली आहे, काहींनी तिच्याबरोबर वाटचालही केली आहे. त्या वाटेवर बाईंस महाराष्ट्राचा नवाच नकाशा गवसला : जेथून जेथून माणसे पंढरीस येतात तो महाराष्ट्र. ह्या नकाशात वंश नाही, नाक नाही, फक्त एक वाट आणि तोंडी एक नाम. परंतु भक्तीच्या भरात त्यांचे डोळे मिटले नाहीत. एकाच दिंडीत ब्राह्मण नि मराठा निराळे जेवत, निराळे चालत. दिवसभर एकच अभंग म्हणावयाचे आणि जेवणाच्या वेळी दोन पंक्ती. बाईंना हे सलले. त्या मराठा बायकांच्या पंक्तीस जाऊन जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या असे त्यांनी नोंदविले आहे. संस्कृती जोडते आणि समूहभाव तोडतो, ते दोन्ही एकाच मैलात त्यांनी पाहिले.

महाभारतावरील 'युगान्त' ह्या ग्रंथास १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यात खांडववनाच्या दहनाची कथा त्यांनी ज्या दृष्टीने वाचली ती दृष्टी मला त्या बर्लिनच्या खोलीतूनच आलेली वाटते. कीर्तनात आपण ऐकतो ते कृष्णार्जुनांचे पराक्रम म्हणून. बाई विचारतात त्या वनात राहणाऱ्यांचे काय झाले. नाग म्हणजे साप नव्हेत. ते रानात राहणारे लोक, आणि जमिनीसाठी त्यांना जिवंत जाळण्यात आले, असे त्या सांगतात. ज्या वाचकांनी देवाच्या बाजूने ही कथा ऐकली होती, त्यांस हे रुचणे कठीणच होते.

अखेरच्या वर्षांत त्या फलटणसारख्या वाढत्या गावाची पाहणी करीत होत्या, आणि कोयना धरणामुळे ज्यांची घरे-शेते गेली त्या लोकांची. ही दुसरी पाहणी त्यांनी आपली कन्या जाई निंबकर हिच्यासह केली आणि ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. अप्पर वर्धा धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस ह्या पाहणीचा विषय समजावून सांगावयास नको. गाव उठले म्हणजे केवळ भिंती पडत नाहीत. लेकी कोणत्या गावी द्यावयाच्या आणि अडीनडीला कोणाकडे जावयाचे, ते सारे जाळेच विसकटते. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, इरावतीबाईंचे निधन झाले. त्यांचा शेवटचा लेखसंग्रह त्यांच्या पश्चात १९७२ साली निघाला. त्याचे नाव 'गंगाजल'.